माशाच्या पोटातला माणूस

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आहे, म्हणून रोमच्या न्यायालयांना सुट्टी. तीन वकील मित्र भल्या सकाळी ऑस्तियाच्या समुद्रकिनारी फिरायला निघाले आहेत. वाटेत सेरापिस देवाची मूर्ती लागते. तिघांपैकी कैकिलियस चालता चालताच हात ओठांना लावून मूर्तीला वंदन करतो. एसटीच्या खिडकीतून देऊळ दिसलं की आपला हात नकळत छातीकडे जातो, तसंच ते. बरोबरचा ऑक्टाव्हियस ख्रिस्ती आहे. तो तिसऱ्या मित्राला, म्हणजे मिनुसियसला, टोमणा मारतो: तुझा जिवलग भरदिवसा दगडांना असा अडखळतो, यात तुझीही नामुष्कीच आहे.

कैकिलियस फुगतो. पुढे वाळूत पोरांचा खेळ रंगलेला असतो. लाटांनी घासून गुळगुळीत झालेली खापरी बोटांत आडवी धरायची, वाकून पाण्याच्या अगदी जवळून भिरकवायची. ज्याची खापरी सर्वांत लांब जाईल आणि सर्वांत जास्त टप्पे खाईल, तो जिंकला. बाकीचे दोघे कौतुकाने बघत उभे राहतात, कैकिलियसचं मात्र लक्ष नाही. शेवटी तिघं धक्क्याच्या दगडांवर बसतात. मिनुसियस मध्ये, पंच म्हणून. आणि वादाला तोंड फुटतं.

मिनुसियस फेलिक्स याच्या ‘ऑक्टाव्हियस’ या लॅटिन संवादाची ही सुरुवात. काळ दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची पहिली वर्षं. कैकिलियस ख्रिस्ती लोकांवर पुष्कळ आरोप करतो, पण त्यातला एक फार नेमका आहे. मेलेली माणसं उठणार म्हणता, ती शरीराशिवाय की शरीरासकट? शरीर नसेल तर माणूस कसला? तेच शरीर म्हणाल तर ते केव्हाच कुजून गेलं. दुसरं म्हणाल तर तो नवा माणूस जन्मला, जुना परत आला कुठे?

पहिल्या चार शतकांत ख्रिस्ती विचारवंतांनी मृत्यूविषयी जे जे लिहिलं, त्यातलं बरंचसं या तिहेरी पेचातून सुटण्याची धडपड आहे. वरवर हा प्रश्न स्वर्ग-नरकाचा वाटतो. जवळ जाऊन पाहिलं तर तो पचनाचा आहे, मालकीचा आहे आणि बऱ्याच वेळा सरकारने प्रेताचं काय करावं याचा आहे.

मराठी श्रोत्यांसाठी इथे एक खुलासा. पुनरुत्थान म्हणजे आत्म्याचं अमरत्व नव्हे, आणि पुनर्जन्म तर नव्हेच. जीर्ण वस्त्र टाकून नवं नेसणारा आत्मा आपल्या कानांना सवयीचा आहे. प्लेटो वाचलेल्या ग्रीकालाही तो तितकाच सवयीचा होता. आत्मा शरीराच्या कैदेतून सुटतो, एवढंच ख्रिस्ती लोक म्हणाले असते तर अथेन्समध्ये कुणाची भुवईही वर गेली नसती. त्यांचं म्हणणं होतं की टाकलेलं वस्त्रच परत मिळणार, आणि ज्याचं त्यालाच. नवा करारच सांगतो की पौल अथेन्समध्ये बोलत होता तोवर लोक ऐकत होते. मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघाला आणि काहींना हसू आवरेना.

ही कल्पना ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढलेली नाही. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास सीरियाचा राजा चौथा अँटिओकस याने ज्यू धर्माचरणावर बंदी घातली. त्या छळाच्या कथा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहेत. त्यात सात भावांना आईच्या डोळ्यांदेखत एकेक करून मारतात. तिसऱ्याची पाळी येते तेव्हा तो आपण होऊन जीभ बाहेर काढतो, हात पुढे करतो. हे देवाकडून मिळालं होतं आणि त्याच्याकडूनच परत मिळेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय. पुनरुत्थानाच्या आशेचा हा गाभा ध्यानात ठेवावा असा आहे. ‘आपलं पुढे काय होणार’ या स्वस्थ चिंतनातून ती आलेली नाही. कुणीतरी कुणाचे तरी हात तोडले, ते हात परत मिळाले पाहिजेत, या हिशेबातून ती आली. येशूच्या काळी ज्यूंमधले परूशी पंथाचे लोक ही आशा मानत. यरुशलेमच्या मंदिराशी निगडित, खाऊनपिऊन सुखी अशा सदूकी पंथाला ती मान्य नव्हती.

पौलाने पन्नाशीच्या दशकात करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दाण्याचा दृष्टान्त दिला. पेरतो तो दाणा, उगवतं ते रोप. दोन्ही एक की वेगळी? दृष्टान्त सुंदर, पण त्याने प्रश्न मिटला नाही, दोन्ही पक्षांच्या हाती हत्यार मिळालं. शिवाय त्याच प्रकरणात, रक्तामांसाला देवाच्या राज्याचा वारसा नाही, अशा अर्थाचं एक वाक्य तो लिहून गेला. पुढची तीनशे वर्षं त्या वाक्याने देहवादी ख्रिस्ती लेखकांना घाम फोडला. ‘मांस म्हणजे इथे पापी वृत्ती’ वगैरे स्पष्टीकरणांचे ढीग आहेत. त्यांतलं एकही पुरतं पटत नाही, असं प्रस्तुत वक्त्याचं मत.

सगळे युक्तिवाद एका मोलाचे होते असंही नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेलं एक पत्र क्लेमेंटच्या नावावर आहे. त्यात पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून अरबस्तानातला फिनिक्स पक्षी येतो: पाचशे वर्षं जगतो, मरतो आणि त्याच्या कुजत्या मांसातून नवा पक्षी निघतो. विरोधकांना यापेक्षा सोपा चेंडू टाकता आला नसता.

पण वाद पुस्तकांतून अखाड्यात उतरला तो इ. स. १७७ मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात. सम्राट मार्कस ऑरेलियस. स्वतः तत्त्वज्ञ, मृत्यूकडे शांतपणे पाहण्यावर त्याची टिपणं आजही जगभर वाचली जातात. ल्योंमध्ये ख्रिस्ती मंडळीवर जमाव उठला, धरपकड झाली. वाचलेल्यांनी आशिया मायनरमधल्या मंडळ्यांना जे पत्र लिहिलं, ते इतिहासकार युसेबियसने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवलं आहे. बिशप पोथिनस नव्वदी ओलांडलेला, तो कोठडीतच गेला. ब्लांदिना नावाच्या गुलाम बाईला जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकलं.

आरोपांतला एक नरमांसभक्षणाचा होता. प्रभुभोजनातल्या ‘शरीर’ आणि ‘रक्त’ या शब्दांची बाजारात पसरलेली अफवा. बिब्लिस नावाच्या बाईने छळाखाली विचारलं, की जनावराचं रक्तसुद्धा आम्हाला वर्ज्य, तिथे आम्ही मुलं कशी खाऊ? अत्तालस नावाच्या माणसाला तापलेल्या लोखंडी खुर्चीत बसवलं. त्याच्याच भाजत्या अंगाचा वास सुटला तेव्हा तो लॅटिनमध्ये लोकांना म्हणाला, की माणसं खाणं म्हणजे हे, तुम्ही करता आहात ते.

त्यानंतरचा तपशील आपल्या विषयाचा. कोठडीत मेलेल्यांची प्रेतं कुत्र्यांपुढे टाकली. बाकीचे अवशेष, जनावरांनी सोडलेले आणि आगीने सोडलेले, सहा दिवस उघड्यावर ठेवून त्यांवर सैनिकांचा पहारा बसवला. रात्रीच्या अंधारात ते मिळवायचा प्रयत्न झाला, पैसे देऊ केले, हात जोडले. काही चाललं नाही. मग ते जाळले आणि राख झाडून ऱ्होन नदीत लोटली. कारण पत्रातच दिलं आहे: यांना पुन्हा उठण्याची आशा आहे, तिच्या बळावर हे मरणाला भीत नाहीत, तेव्हा आता बघू कसे उठतात.

म्हणजे ख्रिस्ती लोक नेमकं काय मानतात, हे कोतवालीला ठाऊक होतं. तिने त्या श्रद्धेचं प्रात्यक्षिक खंडन केलं. राख आणि वाहतं पाणी! आपल्याकडे याच दोन गोष्टींनी मृताला गती मिळते. ल्योंमध्ये मृताची गती कायमची बंद करायला त्यांचाच वापर झाला.

या सुमारालाच अथेन्सचा अथेनागोरास सम्राटाला ख्रिस्ती लोकांच्या वतीने निवेदन लिहीत होता. त्यात तो नरमांसभक्षणाच्या आरोपाला फार मिस्कील उत्तर देतो. मेलेला प्रत्येक माणूस उठणार असं मानणारा कोण शहाणा स्वतःच्या पोटाची कबर करून घेईल? खाल्लेला उद्या आपलं मांस मागायला येईल की! पुनरुत्थानावरचा एक स्वतंत्र ग्रंथही त्याच्या नावावर आहे. तो त्याचाच की नंतरच्या कुणाचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. इ. स. ९१४ मध्ये कैसरियाच्या अरेथास या आर्चबिशपसाठी बानेस नावाच्या लेखनिकाने केलेली एक प्रत पॅरिसला आहे आणि तिच्यामुळे तो आपल्यापर्यंत पोचला. लेखक कुणीही असो, विरोधकांचा सर्वांत कठीण प्रश्न त्याने अंगावर घेतला.

तो प्रश्न असा. बुडून मेलेल्या माणसाला मासे खातात. ते मासे माणसं खातात. आता ते मांस कुणाचं? चौथ्या शतकाच्या आसपासच्या, माकारियसच्या नावावर असलेल्या एका वादग्रंथात एक अनाम प्रतिपक्षी हीच साखळी लांबवतो. जहाज फुटून माणूस बुडाला, त्याला तांबूस माशांनी खाल्लं. ते मासे कोळ्यांनी पकडून खाल्ले. कोळ्यांचा खून झाला, त्यांना कुत्र्यांनी खाल्लं. कुत्री मेली, त्यांना गिधाडांनी संपवलं. आता ज्याचं त्याला कसं परत देणार, ते सांगा. हा प्रतिपक्षी म्हणजे नामांकित तत्त्वज्ञ पोर्फिरी असावा असा अनेकांचा तर्क आहे. कुणीही असो, त्याने मासळीबाजार पाहिलेला आहे.

अथेनागोरासच्या नावावरचा ग्रंथ याला वैद्यकाने उत्तर देतो. त्या काळचं वैद्यक म्हणजे गॅलेनचं. गॅलेन हा मार्कस ऑरेलियसच्याच दरबारातला वैद्य. अन्न पोटात गाळलं जातं, मग यकृतात, मग अवयवांकडे जाताना पुन्हा एकदा. प्रत्येक टप्प्यावर जे प्रकृतीला मानवत नाही ते बाहेर टाकलं जातं. देवाने प्रत्येक प्राण्याला त्याचं अन्न नेमून दिलं आहे. माणूस हे माणसाचं नेमलेलं अन्न नाही, म्हणून माणसाचं मांस माणसाच्या अंगी लागूच शकत नाही. ते निघून जातं. खाल्लेला माणूस खाणाऱ्याचा कधी होत नाही.

शरीरशास्त्र म्हणून हे साफ चूक. पण उत्तर बाजूला ठेवून उत्तराची जात पाहावी. ‘देवाला सगळं शक्य आहे’ असं म्हणून हा लेखक वेळ मारून नेत नाही. प्रतिपक्षाच्या मैदानात, प्रतिपक्षाच्या शास्त्राने तो खेळतो. सेल्सस या टीकाकाराने सुमारे १७८ मध्ये ख्रिस्ती लोकांवर पुस्तक लिहिलं, ते हरवलं, पण ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने सत्तर वर्षांनी त्याचं खंडन लिहिताना ते तुकड्यातुकड्यांनी उद्धृत केलं म्हणून कळतं. त्यातला टोला हाच होता: काही झालं की हे लोक देवाच्या सर्वशक्तिमत्तेच्या आड दडतात. अशी आशा किड्यांना शोभेल, असंही तो म्हणाला. कुजलेल्या शरीरात परत जावंसं कोणत्या आत्म्याला वाटेल?

कार्थेजचा तर्तुलियन याला उत्तर देतो तो वकिली आवेशात. २१० च्या आगेमागे त्याने देहाच्या पुनरुत्थानावर अख्खा ग्रंथ लिहिला. देहाला तो तारणाची बिजागरी म्हणतो. लॅटिनमध्ये देह आणि बिजागरी हे शब्द एका अक्षराने वेगळे, त्या कोटीवर तो खूश आहे. धुतला जातो देह, तेल लागतं देहाला, उपास घडतो देहाला, तलवार बसते देहावर. मग बक्षीस मात्र एकट्या आत्म्याला, हा कुठला न्याय? स्वर्गात जेवण नाही तर दात कशाला, या थट्टेलाही तो उत्तर देतो. तोंड बोलायला आणि स्तुती करायलाही असतं. वादळातून आलेलं जहाज मालकाने दुरुस्त करून घेतलं आणि पुन्हा समुद्रात न नेता मानाने बंदरात ठेवलं, तर त्याच्या शिडावल्ह्यांना कुणी निरुपयोगी म्हणेल का?

त्याच ग्रंथात तो गावातली एक गोष्ट सांगतो. कार्थेजमध्ये ओडियन या संगीतगृहाचा पाया खणताना जुन्या कबरी फुटल्या. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे मृत. हाडं अजून ओलसर, केसांना अजून वास. बघायला जमलेले लोक शहारले. तर्तुलियन ही गोष्ट पुरावा म्हणून मांडतो. बांधकामावर अचानक काम थांबतं, मुकादम कुदळ खाली ठेवतो, बघ्यांची गर्दी वाढते, हे दृश्य आजही कुठल्याही जुन्या शहरात दिसतं.

दहनाबद्दल तर्तुलियनला राग आहे. आधी मृतांना निर्दयपणे जाळता आणि मग त्याच विस्तवावर त्यांना जेवण वाढता, ही कसली माया, असा त्याचा सवाल. पण ‘ऑक्टाव्हियस’मधला ख्रिस्ती वकील शांत आहे. कशाही प्रकारे विल्हेवाट लागली तरी आमचं नुकसान नाही. आम्ही पुरतो ते जुनी आणि बरी रीत म्हणून. त्याच दुसऱ्या शतकात रोमची बिगरख्रिस्ती प्रजाही दहन सोडून दफनाकडे वळत होती, श्रीमंत लोक कोरीव शवपेट्या करवून घेत होते. मूठभर ख्रिस्ती लोकांनी ती फॅशन आणली असं म्हणता येत नाही.

त्यांनी आणला तो शब्द. पुरण्याच्या जागेला ते ग्रीकमध्ये ‘कोइमेतेरियोन’, म्हणजे निजायची जागा, म्हणू लागले. इंग्रजीतलं ‘सेमेटरी’ त्यातून आलं, आणि गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्दही त्याच कुळातला. रोमबाहेर मऊ दगडात खणलेल्या भुयारांत भिंतींना फळ्यांसारखे कप्पे, त्यांत मृत, तोंडाला कौलं किंवा संगमरवरी फरशी. २०० च्या सुमारास बिशप झेफिरिनसने अशा एका दफनभूमीची व्यवस्था कॅलिस्टस नावाच्या, एके काळी गुलाम असलेल्या माणसाकडे सोपवली. पुढे तोही रोमचा बिशप झाला. या भुयारांच्या भिंतींवर क्रूस क्वचित दिसतो. वारंवार दिसतो तो बायबलमधला योना: प्रचंड जलचराच्या पोटात शिरताना, त्यातून बाहेर पडताना, मग वेलीच्या मांडवाखाली आरामात पहुडलेला. माशाने खाल्लेला माणूस परत कसा मिळणार, या प्रश्नाला चितारी उत्तर देत होते.

अग्नी की माती, हा वाद पुढे फार लांबला. १८८६ मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली, १९६३ मध्ये ती उठवली, आणि २०१६ मध्ये राख घरात ठेवू नये किंवा उधळू नये असं बजावलं. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली मुंबईत वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं आणि रक्षा अहमदनगरला नेली. टिळक प्रॉटेस्टंट होते, रोमचा हुकूम त्यांना लागू नव्हता. पण ऑस्तियाच्या धक्क्यावरचा तो ख्रिस्ती वकील या निर्णयाला हरकत घेता ना.

तत्त्वज्ञान म्हणून सर्वांत खोल गेला तो ओरिगेन. शरीर म्हणजे नदी, असं तो म्हणाला. कालचं पाणी आज नाही, तरी नदी तीच. जिवंतपणीसुद्धा आपलं द्रव्य रोज बदलतं, तर मेल्यावर त्याच कणांचा हट्ट कशाला? टिकतो तो आकार, ठसा. आजच्या वाचकाला हे चटकन पटतं. त्याच्या सहधर्मीयांना पटलं नाही. मेथोडियसने त्याच्याविरुद्ध मूर्तीचा दाखला दिला: कुणी विद्रूप केलेली मूर्ती मूर्तिकार वितळवून त्याच धातूतून पुन्हा ओततो. जेरोम तर दात, केस आणि लिंगभेद यांचा आग्रह धरून बसला. पुढे ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने ओरिगेनपंथीयांचा निषेध केला, त्यात पुनरुत्थित शरीरं गोल असतील असं म्हणणाऱ्यालाही धिक्कार आहे. कुणी खरंच असं म्हणत होतं का, यावर अभ्यासक अजून भांडतात.

या सगळ्या पुरुषी वादावादीत एक बाई आहे. माक्रिना. कप्पादोकियाच्या सुखवस्तू घरातली थोरली बहीण. बाझिल आणि निस्साचा ग्रेगरी हे तिचे नामांकित धाकटे भाऊ. ३७९ च्या उन्हाळ्यात, बाझिलच्या मृत्यूनंतर, ग्रेगरी तिला भेटायला पाँटसमधल्या अन्निसाला गेला. ती जमिनीवर फळीवर निजलेली, तापाने फणफणलेली. त्या भेटीवर त्याने दोन पुस्तकं लिहिली. एक तिचं चरित्र. दुसरं, आत्मा आणि पुनरुत्थान यांवरचा संवाद. त्यात तो तिला ‘गुरू’ म्हणतो आणि नास्तिकाची बाजू स्वतः घेतो.

बाजू घेतो ती इमानदारीने. ग्रेगरीचे प्रश्न सेल्ससपेक्षा धारदार आहेत. माणूस कुठल्या वयाचा उठणार? म्हातारा मेला तर सुरकुत्यांसकट? तान्हं मेलं तर? आयुष्यभर शरीर बदलत गेलं, मग एका माणसाऐवजी माणसांची गर्दी उठायची! माक्रिना शांतपणे सांगते, की चित्रकार रंग मिसळतो तरी कुठला रंग कुठून घेतला हे त्याला ठाऊक असतं. एका ढिगात फुटून पडलेल्या भांड्यांची खापरं त्यांचे मालक ओळखून काढतात. आत्मा आपल्या कणांना तसाच ओळखतो. ऑस्तियाची खापरी इथे पुन्हा भेटते.

संवाद बाजूला ठेवून चरित्र उघडलं की मात्र ग्रेगरी वेगळाच दिसतो. दिवेलागणीच्या प्रार्थनेच्या वेळी माक्रिना गेली. अंगावर घालायला धड वस्त्र नाही. तयारी चालू असताना तिथली एक बाई दिवा जवळ धरते आणि तिच्या छातीवरची खूण ग्रेगरीला दाखवते: सुईने टोचल्यासारखी बारीक, पुसट. तिथे एकदा गाठ झाली होती. वैद्यापुढे अंग उघडं करायला ती तयार झाली नाही. रात्रभर प्रार्थना केली, आईला त्या जागी क्रूसाची खूण करायला सांगितली. गाठ गेली, व्रण राहिला. भावाला हे आयुष्यभर ठाऊक नव्हतं.

मग आई-वडिलांच्या कबरीत तिला ठेवायचं. फरशी उचलायची वेळ येते आणि ग्रेगरी घाबरतो. आई-वडिलांची उघडी स्थिती मुलाने पाहू नये, असा शास्त्राचा दंडक त्याला आठवतो. आत आता काय उरलं असेल याची त्याला कल्पना आहे. म्हणून फरशी सरकत असतानाच दोन्ही टोकांकडून एक स्वच्छ चादर त्या देहांवर ओढली जाते, आणि मगच माक्रिनाला आईशेजारी निजवतात. कणन् कण परत मिळेल असं लिहिणाऱ्या माणसाला ते कण बघवले नाहीत. प्रस्तुत वक्त्याला यात विसंगती वाटत नाही. शरीर म्हणजे टाकायचं वस्त्र असं ज्याला मनापासून वाटतं, तो चादर मागत नाही.

ऑगस्टीनने ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या भागात हे सगळे प्रश्न रांगेत उभे केले. कापलेली नखं आणि केस परत येतील का? द्रव्य परत येईल, पण जागच्या जागी नव्हे, नाहीतर माणूस विद्रूप दिसेल. लठ्ठ लठ्ठच राहणार का? नाही. बायका पुरुष होऊन उठतील, असं काहींचं म्हणणं होतं. ऑगस्टीन ते फेटाळतो, स्त्रीचं शरीर हा दोष नव्हे. धर्मासाठी मेलेल्या रक्तसाक्ष्यांचे व्रण राहतील, पण भूषण म्हणून. आणि दुष्काळात माणसाने माणूस खाल्ला तर? ते मांस पहिल्या मालकाचं. खाणाऱ्याने ते जणू उसनं घेतलं होतं, उसनं फेडायचंच असतं. भुकेने खाणाऱ्याचं जे झडलं, ते देव हवेतूनही परत आणील. अथेनागोरासचं पचनशास्त्र ऑगस्टीनने गुपचूप सोडून दिलं आणि प्रश्न सावकारीच्या भाषेत सोडवला.

हा माणूस निरीक्षणही करी. कार्थेजला त्याच्या पानात मोराचं शिजवलेलं मांस आलं. मोराचं मांस नासत नाही असं ऐकलं होतं, म्हणून छातीचा एक तुकडा बाजूला ठेवायला सांगितला. तीस दिवसांनी पाहिला, वास नाही. वर्षाने पाहिला, थोडा सुकून आकसलेला, एवढंच. घरातल्या माणसांनी वर्षभर तो तुकडा सांभाळला, त्यांना काय वाटलं ते त्याने लिहिलेलं नाही.

नोलाच्या पॉलिनस या बिशपने त्याला विचारलं होतं, की संताच्या कबरीजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो का? उत्तरादाखल ऑगस्टीनने छोटं पुस्तकच लिहिलं. अंत्यविधी, थडगं, लवाजमा ही जिवंतांची समजूत आहे, मृताची मदत नव्हे, असं तो म्हणतो. पुरलं काय, न पुरलं काय, उठणाऱ्याला फरक पडत नाही. ल्योंच्या कोतवालीला हे उत्तर अडीचशे वर्षं उशिरा मिळालं. तरी त्याच पुस्तकात तो सांगतो, की बापाची अंगठी किंवा कपडा मुलं जपतात, मग त्याहून जवळचं जे शरीर, ते कसं टाकून द्यावं?

त्याच्या डोळ्यांपुढे कोण असेल, याचा तर्क करता येतो. ३८७ साली त्याची आई मोनिका आफ्रिकेला परत जाण्यासाठी बोटीची वाट पाहत असताना तापाने आजारी पडली आणि नवव्या दिवशी वारली. छप्पन्न वर्षांची होती. नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावं म्हणून तिने आफ्रिकेतल्या थागास्ते गावी जागा तयार करून ठेवली होती. पण शेवटी मुलांना म्हणाली, की हे शरीर कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. घरापासून इतक्या लांब देह टाकायची भीती वाटत नाही का, असं कुणीतरी तिला आधी विचारलं होतं. देवाला काहीच लांब नाही, जगाच्या अंती कुठून उठवायचं हे तो विसरणार नाही, असं तिचं उत्तर.

ती वारली ते बंदर ऑस्तिया. तिथेच तिला पुरलं. पुढे १४३० मध्ये तिच्या अस्थी रोमला नेण्यात आल्या, आज त्या संत ऑगस्टीनच्या नावाच्या चर्चमध्ये आहेत. तिच्या कबरीवर एक पद्यलेख होता, त्याच्या नकला जुन्या हस्तलिखितांत मिळत, पण मूळ दगड कुणी पाहिला नव्हता. १९४५ च्या उन्हाळ्यात ऑस्तियाच्या संत औरेया चर्चजवळ दोन पोरं खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती. कुदळीला संगमरवराचा तुकडा लागला. त्यावर लॅटिन ओळींची अर्धीमुर्धी अक्षरं होती.